डॉ. सलीम अली : चिमणीएवढ्या पक्ष्यांचा थोर अभ्यासक

छत्रपती संभाजीनगरातील दिल्ली दरवाजा ओलांडला, की हिमायतबागेसमोर एक तळे लागते. मोगलांच्या काळी खिजरी तलाव म्हणून ओळखले जाणारे हे पाणी आज सलीम अली सरोवर या नावाने शहराला परिचित आहे. सकाळी फिरायला येणारी मंडळी बगळे, पाणकोंबड्या आणि थंडीत उतरणारी बदके हौसेने पाहतात. काठच्या गवतात, बाभळीच्या फांद्यांवर आणि पाणकणसांच्या दांड्यांवर हलणाऱ्या तपकिरी रंगाच्या इवल्याशा पक्ष्यांकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. चिमण्या असतील, असे समजून नजर पुढे सरकते. ज्यांचे नाव या तळ्याला दिले आहे, त्यांचे अवघे आयुष्य मात्र अशा चिमणीएवढ्या पक्ष्यांपाशी थबकण्याने घडले.

या पक्ष्यांची ओळख पटवणे मुळात सोपे नाही. घरचिमणी, रानचिमणी, सुगरण, तीन-चार प्रकारच्या मुनिया आणि हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणारे भारीट, हे सारे दाणे टिपणारे. साऱ्यांची चोच आखूड, बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती, म्हणजे दाण्याचे टरफल फोडण्यासाठीच घडवलेली. इंग्रजीत अशा पक्ष्यांना ढोबळमानाने फिंच म्हणण्याची पद्धत आहे; मराठीत त्या सर्वांना कवेत घेणारा एक शब्द नाही, आणि ते एका परीने बरेच आहे. कारण शास्त्राने पुढे त्यांची कुळे वेगवेगळी केली. विणीचा हंगाम सरला, की सुगरणीचा नर आपला पिवळा मुकुट उतरवून मादी चिमणीसारखा मातकट होतो. मग शेतावरून उडालेल्या थव्यात कोण कोणता, हे दुर्बीण डोळ्यांना लावूनही सांगता येत नाही. रंगावर विसंबणारा येथे फसतो. पक्षी काय खातो, कोठे बसतो, कसा उडतो, घर कोठे आणि कशाचे करतो, हे पाहावे लागते. हिंदुस्थानातील पक्षिअभ्यासाला हे पाहण्याचे वळण ज्यांनी लावले, त्यांत डॉ. सलीम अली यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील गेले तेव्हा ते जेमतेम वर्षाचे होते आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. या दांपत्याने खेतवाडीतल्या आपल्या घरात या पोरक्या भावंडांना वाढवले. घर सधन होते, माणसांनी भरलेले होते. मामांना शिकारीचा षौक होता आणि ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. हा तपशील पुढे फार मोलाचा ठरला.

सुट्टीत कुटुंबाचा मुक्काम चेंबूरला असे. त्या काळी चेंबूर म्हणजे मुंबईबाहेरचे झाडीचे खेडे. मुलाच्या हाती खेळण्यातली छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या मारणे हा त्याचा उद्योग झाला. आज हे वाचताना आपण दचकतो. त्या पिढीला त्यात वावगे काही वाटत नसे. परंतु या उद्योगातूनच नऊ-दहा वर्षांच्या सलीमच्या हातून पहिली पक्षिनोंद झाली. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली होती आणि नर बाहेर खिळ्यावर बसून राखण करीत होता. मुलाने गाडीआडून नेम धरून नर मारला. थोड्याच वेळात त्या चिमणीने दुसरा नर मिळवला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. तोही मारला, तर तिसरा आला. आठवडाभरात असे आठ नर पडले. घरटे मात्र एक दिवसही नराविना राहिले नाही. मुलाने हे सारे टिपून ठेवले. पक्ष्यांच्या संसाराविषयी हे एक चांगले निरीक्षण होते, हे त्याला तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सुमारे साठ वर्षांनी ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापली गेली. शिकारी आणि निरीक्षक असे दोघेजण त्या मुलात शेजारी शेजारी नांदत होते आणि पुढे आयुष्यभर नांदले.

मग १९०८ च्या सुमारास ती प्रसिद्ध घटना घडली. मारलेल्या चिमण्यांत एकीच्या गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा पिवळा ठिपका आढळला. एरवी ती थेट स्वयंपाकघरात गेली असती. मुलाने ती मामांना दाखवली. मामांनाही ओळख पटेना. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला पाठवले. सोसायटीचे कार्यालय तेव्हा अपोलो स्ट्रीटवर, मद्यविक्री करणाऱ्या फिप्सन कंपनीच्या जागेत होते आणि मिलार्ड त्याच पेढीतले. गोऱ्या साहेबाच्या दारात जाण्याचे दडपण मनात असलेल्या त्या मुलाचे त्यांनी आपुलकीने स्वागत केले, पक्षी हातात घेऊन पाहिला आणि ती रानचिमणी असल्याचे सांगितले. एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटांचे खण उघडून भुसा भरून जतन केलेले शेकडो पक्षी त्याच्यापुढे मांडले. वाचायला पुस्तके दिली, कातडे सोलून टिकवण्याची विद्या शिकवण्याची व्यवस्था केली आणि नोंदवही ठेवण्याचा सल्ला दिला. एखाद्या मुलाच्या कुतूहलाला वेळेवर उघडा दरवाजा मिळाला, तर काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

ज्या पक्ष्याने ही किमया केली, तो दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. मराठवाड्याच्या कोरड्या, विरळ झाडीच्या माळावर तो आजही आढळतो. घरचिमणीहून त्याचा बांधा सडपातळ, चोच अधिक अणकुचीदार. पाठीवर रेघा नाहीत, अंग राखी-तपकिरी, नराच्या खांद्यावर तांबूस डाग, पंखांवर पांढरे पट्टे आणि गळ्यावर तो पिवळा ठिपका. मादीच्या अंगावर हे रंग फिकट असतात. पण दुरून गळ्याचा ठिपका दिसतोच असे नाही. त्यापेक्षा जागेवरून ओळखावे हे बरे. घरचिमणीला माणसाची सोबत लागते, रानचिमणीला झाडांची. उन्हाळ्यात ती झाडाच्या ढोलीत, प्रसंगी भिंतीच्या भोकात किंवा लोखंडी नळाच्या उघड्या तोंडात घरटे करते. दाण्यांबरोबर फुलांतला मधही तिला आवडतो. त्यामुळे कधीकधी कपाळावर पराग माखलेला दिसतो. नर उंच फांदीवर बसून एकसुरी चिवचिव करीत राहतो. गाणे असे त्याला म्हणवत नाही.

पक्ष्यांची गोडी लागली म्हणून आयुष्याची घडी लगेच बसली, असे मात्र झाले नाही. शाळेत असताना डोकेदुखीने छळले आणि हवापालटासाठी सिंधमध्ये राहावे लागले. १९१३ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पार पडली. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिल्याच वर्षी गणिताशी जमेना, तेव्हा घरच्या टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळण्यासाठी त्यांची रवानगी ब्रह्मदेशात तवॉयला झाली. तेथील अरण्यात खाणीच्या हिशेबापेक्षा पक्ष्यांच्या हिशेबात त्यांचे मन अधिक रमले, हे सांगायला नकोच. १९१७ मध्ये परतल्यावर सकाळी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेब आणि नंतर झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. डिसेंबर १९१८ मध्ये नात्यातल्याच तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा व्यवसाय, आणि अखेरीस तो बुडाला.

तिशीला टेकलेला, विवाहित, व्यापारात अपयशी आणि विद्यापीठाची पदवी नसलेला माणूस. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेत त्यांनी नोकरीसाठी प्रयत्न केला, पण पदवीअभावी ती मिळाली नाही. पदव्यांचा बाजार आजच्याइतका तेजीत नसतानाची ही गोष्ट! १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून साडेतीनशे रुपये पगारावर त्यांची नेमणूक झाली. काचेआडचे पक्षी दाखवण्यात दोन वर्षे गेली. मग रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. श्ट्रेझमान हे त्या पिढीतील पक्षिशास्त्राचे युरोपातले मोठे नाव. तेथे पक्षी केवळ मोजून कपाटात ठेवायचा नसतो, तो जिवंतपणी कसा वागतो हाही शास्त्राचाच विषय आहे, अशी हवा होती. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासण्याचे तंत्रही त्यांनी पाहिले. १९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली होती.

ही बेकारी नसती, तर पुढचे घडले असते काय, असा प्रश्न पडतो. मुंबईतला खर्च झेपेना म्हणून पतिपत्नी खाडीपलीकडे अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेली. पावसाळा तोंडावर होता. घराजवळच्या झाडांवर सुगरणींनी वसाहत थाटली होती. हाती काम नाही, वेळ मुबलक, आणि डोळ्यांसमोर पक्षी. सलीम अली शिडी लावून, आडोसा करून तासन् तास त्या घरट्यांसमोर बसू लागले.

सुगरणीचा खोपा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा ताडामाडाच्या झावळ्यांना लोंबणारे ते विणलेले चंबू मराठी मुलाला अक्षरओळखीआधी भेटतात. पण आपल्या भाषेने या पक्ष्याच्या बाबतीत एक गोड चूक करून ठेवली आहे. सुगरण म्हणजे घरकामात कुशल स्त्री; म्हणून ते सुंदर घर मादीनेच बांधले असणार, असे आपण गृहीत धरले. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, खानदेशात, बहिणाबाई चौधरींनी सुगरणीच्या खोप्यावर जी कविता रचली, तिने ही समजूत अजरामर केली. कवितेला त्याने उणेपणा येत नाही. प्रत्यक्षात विणकाम करतो तो नर.

तो गवताच्या, भाताच्या किंवा उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, तिचे टोक पकडून उडतो आणि वीतभर ते हात-दीड हात लांबीची धांदोटी फाडून आणतो. फांदीला गाठ, मग लोंबता दोर, मग एक उभे कडे. त्या कड्यात बसून तो एका बाजूला पोट आणि दुसऱ्या बाजूला छत विणत जातो. एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. सुमारे आठ दिवसांत काम अर्ध्यावर, शिरस्त्राण उलटे टांगावे अशा आकाराला, येते आणि तेथे तो थांबतो. संपूर्ण घरटे व्हायला अठराएक दिवस लागतात.

हा अर्ध्यावरचा थांबा लोकांच्या ध्यानी आला होता. त्याचा अर्थ मात्र लागला नव्हता. अशी अर्धी घरटी नराला झोके घ्यायला किंवा पावसात बसायला असतात, असे मानले जाई. किहीमच्या निरीक्षणांतून वेगळेच उलगडले. वसाहतीत सुरुवातीला सगळे नरच असतात. घरटी अर्धी झाली, की माद्या येतात, पंख फडफडवून आरोळ्या ठोकणाऱ्या नरांमधून फिरतात आणि नराकडे नव्हे, तर घरट्याकडे पाहतात. कड्यावर बसून, वीण ओढून पाहून, नापसंत पडले तर निघून जातात. ते घरटे तसेच अपुरे राहते. पसंत पडलेच, तर मादी तेथे मुक्काम करते आणि मग नर प्रवेशाची लांब नळी विणून घर पुरे करतो. आत मऊ अस्तर मादी घालते. ती अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ शेजारी दुसरे घर बांधायला घेतो. तेही अर्ध्यावर आणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. साधले तर तिसरे. अंडी उबवणे आणि पिलांना भरवणे याचा भार प्रामुख्याने त्या त्या मादीवर. एकाच हंगामात एकामागून एक संसार थाटण्याची ही रीत सलीम अलींनी नोंदींसह सिद्ध केली आणि १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. घरट्याच्या भिंतीला लावलेल्या चिखलाच्या गोळ्यांत सुगरण काजवे खोचून दिवा करते, ही आपल्याकडची आवडती कथाही अशा निरीक्षणापुढे टिकत नाही.

आज एखाद्याला हे साधे वाटेल. त्या वेळी हिंदुस्थानातील पक्षिशास्त्र बहुतांशी बंदुकीचे, कातड्यांचे आणि अंड्यांच्या पेट्यांचे शास्त्र होते आणि ते जवळजवळ सर्वस्वी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होते. एका बेकार हिंदी माणसाने एका पावसाळ्यात, गावाकडच्या झाडाखाली बसून, अतिपरिचित पक्ष्याविषयी अगदी नवी गोष्ट सांगितली होती.

नोकरी तरीही मिळाली नाहीच. तेव्हा त्यांनी आपला मार्ग आपणच काढला. ज्या संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नाही, तेथे आपण विनावेतन काम करू, संस्थानाने केवळ मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च सोसावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. तो मान्य झालेल्या पहिल्या राज्यांत निजामाचे हैदराबाद होते. १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली. औरंगाबाद जिल्ह्यासह अवघा मराठवाडा तेव्हा या राज्यात मोडत असे. म्हणजे आज ज्या शहरात त्यांच्या नावाचे तळे आहे, तो मुलूख त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाच्या कक्षेतला. तेहमिना या दौऱ्यांत बरोबर असत. तंबू, बैलगाडी, कंदिलाच्या उजेडात कातडी सोलणे आणि चिठ्ठ्या लिहिणे. शहरी सुखात वाढलेल्या या बाईंनी हे जगणे तक्रारीविना पत्करले. गोळा केलेले नमुने तपासण्याचे काम ह्यू व्हिसलर यांनी इंग्लंडमध्ये राहून केले. पंजाबच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले व्हिसलर हे हिंदुस्थानी पक्ष्यांचे जाणकार. दोघांच्या नावाने हा वृत्तान्त नियतकालिकात भागाभागाने आला. त्यात सलीम अलींचा वाटा ठळकपणे वेगळा दिसतो. पक्षी कोणत्या झाडीत दिसला, काय खात होता, घरटे कोणत्या महिन्यात होते, हे तपशील त्यांचे. त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर अशा पाहण्या मग एकामागून एक झाल्या.

१९३९ मध्ये एका किरकोळ म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात विषबाधा होऊन तेहमिना वारल्या. एकवीस वर्षांचे सहजीवन संपले. मूलबाळ नव्हते. सलीम अली बहीण आणि मेहुणे यांच्या घरी राहायला गेले आणि त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. आयुष्यात पोकळी पडल्यावर माणसे नाना वाटा धरतात. त्यांनी अधिक काम केले.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्षिनिरीक्षण हा छंद सामान्य वाचकाच्या आवाक्यात आला तो या पुस्तकामुळे. त्यातली एक युक्ती विलक्षण साधी होती. पक्ष्याचा आकार इंचांत सांगितला तर दुरून काय कळणार? म्हणून त्यांनी मापे घेतली ती चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशी. अमुक पक्षी चिमणीएवढा, तमुक बुलबुलाहून मोठा. पाहणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या पक्ष्यावरून न पाहिलेल्या पक्ष्याकडे जाण्याची ही रीत पुढच्या पिढ्यांच्या इतकी अंगवळणी पडली, की तिचा जनक कोण, हे कोणी विचारत नाही.

या सगळ्या काळात एक लहान पक्षी त्यांना हुलकावणी देत होता. नैनितालजवळच्या कालाढुंगी येथून (जिम कॉर्बेट यांच्या हिवाळी मुक्कामाचे हेच गाव) मिळालेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८६९ मध्ये सुगरणीच्या एका वेगळ्या जातीचे वर्णन केले होते. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. पुढे फ्रँक फिन यांच्या नावावरून या पक्ष्याला फिनची सुगरण म्हणू लागले. नेहमीच्या सुगरणीहून ती थोराड, चोच अधिक दणकट, विणीच्या काळात नराच्या अंगावर पिवळा रंग अधिक. बिनहंगामी कातडे पाहून मात्र गफलत होण्याचा पुरेपूर संभव. तिचे घरटे कसे, ती कोठे वीण घालते, याची धड माहिती नव्हती. सलीम अली तिच्या शोधात कुमाऊँच्या तराईत हिंडले आणि त्या भटकंतीवर त्यांनी १९३५ मध्ये लेखही लिहिला. पक्षी हाती लागला नाही.

तो लागला तब्बल दोन तपांनी, १९५९ मध्ये, ब्रिटिश संशोधक जॉन क्रूक यांच्यासमवेत याच तराईत. सलीम अली तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. फिनच्या सुगरणीने मग आपली सारी वेगळी रीत दाखवली. तिचे घरटे खाली लोंबत नाही. उंच झाडाच्या शेंड्याशी फांद्यांभोवती गुंफलेले असते. त्याला लांब नळी नसते. आणि वसाहत असलेल्या फांद्यांची पाने हे पक्षी स्वतःच खुडून टाकतात, त्यामुळे हिरव्या झाडाचा शेंडा दुरूनच उघडाबोडका दिसतो. कातड्यावरून जी जात ओळखायला डोळ्यांत तेल घालावे लागे, ती घरट्यावरून फर्लांगभर अंतरावरून ओळखता आली. त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी पुढे सुगरणींच्या या जातींवर सखोल संशोधन केले. फिनच्या सुगरणीला आज नामशेष होण्याचा गंभीर धोका आहे. तराईतील गवताळ भाग शेतीखाली गेला, हे त्याचे मोठे कारण.

त्यांना मिळालेले मानसन्मान सर्वश्रुत आहेत. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली, तीही त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला दिली. भरतपूरचे पाणथळ वाचवण्यासाठी आणि केरळच्या सायलेंट व्हॅलीसाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. मोटारसायकलचे त्यांना वेड होते. १९५० मध्ये स्वीडनमधील पक्षिशास्त्रज्ञांच्या परिषदेसाठी त्यांनी आपली गाडी बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून ते परिषदेला पोहोचले! एस. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडला. शास्त्रीय क्रमानुसार चिमण्या, सुगरणी, मुनिया आणि भारीट शेवटच्या, दहाव्या खंडात येतात. चेंबूरच्या त्या रानचिमणीने अखेर आपल्या जागी बसायला पासष्टहून अधिक वर्षे घेतली.

त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. पक्ष्यांवर प्रेम करणारा माणूस बंदूक कशी चालवतो, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत विचारला जाई. शास्त्रासाठी नमुने लागतात, त्याविना जातींचा निवाडा होत नाही, अशी त्यांची रोखठोक भूमिका होती आणि भावुक भूतदयेचा त्यांना कंटाळा होता. आज कॅमेरे, ध्वनिमुद्रण आणि जनुकीय चाचण्या हाताशी असताना ही भूमिका कठोर वाटते. परंतु आपण ज्या नोंदींच्या आधारे आज पक्ष्यांची घट मोजतो, त्यांतल्या कित्येक त्याच बंदुकीने आणि त्याच वहीने मिळवलेल्या आहेत, हेही नाकारता येत नाही.

१९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राच्या शीर्षकात त्यांनी चिमणीच्या पडण्यालाच स्थान दिले. १९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले. कोइमतूरला त्यांच्या नावाची पक्षिशास्त्र संस्था १९९० मध्ये उभी राहिली. गोव्यातील चोडण बेटावरच्या अभयारण्याला त्यांचे नाव आहे. २०१६ मध्ये हिमालयातील एका कस्तुराच्या जातीलाही ते देण्यात आले.

आणि आपल्या शहरात हे तळे आहे. जलपर्णी आणि सांडपाणी यांनी त्याला वर्षानुवर्षे ग्रासले, निसर्गप्रेमींनी त्यासाठी वेळोवेळी आवाज उठवला. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, तळ्याचे तेच राहिले. बदके आली की बातमी होते. गवतातल्या पक्ष्यांची होत नाही, आणि काठ साफ करताना पहिली कुऱ्हाड पडते ती याच गवतावर आणि बाभळींवर.

पाहायचेच असेल, तर फार दूर जावे लागत नाही. पावसाचा जोर धरल्यावर शहराबाहेर पडून पैठणच्या बाजूला उसाच्या कडेने एखादी जुनी विहीर गाठावी. बाभळीला लोंबणाऱ्या घरट्यांत नळी असलेली किती आणि अर्ध्यावर सोडलेली किती, हे मोजावे. नाकारलेल्या नरांचा हिशेब तेथेच मिळतो. थंडीत त्याच ओस पडलेल्या घरट्यांतून फिकट तपकिरी अंगाची, पांढऱ्या गळ्याची, काळ्या टोकदार शेपटीची मुनिया बाहेर डोकावताना दिसेल. ती स्वतः घर बांधण्याचा कंटाळा करते आणि सुगरणीच्या जुन्या घरात बिऱ्हाड मांडते. रानचिमणीसाठी मात्र एप्रिलची सकाळ हवी, आणि ढोली असलेले एखादे जुने झाड.